पोट आत, श्वास बाहेर

जखम छान भरली आहे, आता काळजीचं कारण नाही, असं सर्जन म्हणाले तेव्हा मी त्यांना एकच प्रश्न विचारला. ट्रम्पेट कधीपासून वाजवू?

त्यांनी काहीतरी नवीनच ऐकल्यासारखं माझ्याकडे बघितलं. हे मी त्यांना ऑपरेशनच्या आधी सांगितलं होतं. त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरांना सांगितलं होतं, आणि भूल देण्यापूर्वी माझे दात तपासायला आलेल्या बाईंनाही सांगितलं होतं.

"फुंकायचं वाद्य ना?" ते म्हणाले. "पोटावर जोर येतो त्याने. घाई करू नका. फिजिओथेरपी लिहून देतो, त्या मॅडम तुम्हाला बरोबर सांगतील."

मग मी त्या मॅडमकडे गेलो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, फाइल चाळली आणि विचारलं, "हे तुम्ही सर्जनना विचारलंत का?"

तिथून माझं डोकं फिरलं, आणि पुढचे कितीतरी महिने ते ठिकाणावर आलं नाही.

आमचं गावठाण अंधेरी पूर्वेला, साकीनाक्याच्या अलीकडे. आम्ही कॅथलिक, पण घरात मराठीच बोलणारे. आजोबांच्या वेळी भातशेती होती. आता आमच्यातले कोणी बँकेत, कोणी विमानतळावर, कोणी शाळेत. मी साकीनाक्याला एका डाय बनवणाऱ्या कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. पण कोणी विचारलं काय करतोस, तर मी बँडमध्ये आहे असंच सांगतो. आमच्या घराण्याचाच बँड आहे. वडील क्लॅरिनेट वाजवायचे, काका ड्रम. मिसरूड फुटायच्या आधीपासून मी ट्रम्पेट वाजवतो. गावठाणातलं लग्न, सण, मयत, काहीही असो, पुढे उभा राहून पहिला सूर मीच लावणार हे ठरलेलं होतं.

आणि वाजवतानाच ते झालं. मरोळच्या एका लग्नात वरचा सूर लांबवत होतो, तेव्हा उजव्या जांघेत काहीतरी सटकल्यासारखं वाटलं. दुखलं नाही. बाथरूममध्ये जाऊन बघितलं तर लिंबाएवढा फुगवटा. तळव्याने दाबला, आत गेला. पुढचे किती महिने मी तसाच दाबत दाबत वाजवत राहिलो. शेवटी माझ्या थोरल्या आत्याला कुणीतरी सांगितलं. ती म्हणाली, "अंतर्गळ आहे तो. अडकला तर जीव जाईल." बायको दुसऱ्याच दिवशी मला डॉक्टरकडे घेऊन गेली. हर्नियाच निघाला. आत जाळी बसवून त्यांनी तो भाग शिवला. ऑपरेशनला मी घाबरलो नव्हतो. त्यानंतर काय काय करायचं असतं, ते मला कोणी नीट सांगितलं नव्हतं एवढंच.

फिजिओथेरपीचं क्लिनिक पहिल्या मजल्यावर होतं आणि इमारतीची लिफ्ट बंद होती. गुडघे धरून आलेल्या बायका, काठी घेतलेले म्हातारे, आणि पोट धरून मी, सगळे कठड्याला धरून एकेक पायरी चढायचो. तिथपर्यंत यायची रिक्षा तर त्याहून वाईट. प्रत्येक गतिरोधकाच्या आधी मी रिक्षावाल्याला "हळू, भाऊ" म्हणायचो. तो मान हलवायचा आणि त्याच वेगाने जायचा. मी पोटावर उशी धरून बसायचो. रस्त्याने लोक बघायचे.

आत पडदे लावून छोटे छोटे भाग केले होते. माझ्या शेजारच्या पडद्याआड खांदा आखडलेला एक माणूस असायचा, तो हात वर करताना देवाचं नाव घ्यायचा. मॅडम माझ्या पुतणीच्या वयाच्या. मला काका म्हणायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला पाठीवर झोपवलं, गुडघे वाकवायला सांगितले, एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवायला सांगितला.

"आता श्वास घ्या."

मी घेतला.

"काका, असा नाही."

मी आयुष्यभर श्वासावर जगलेला माणूस. एका दमात अख्खी ओळ काढतो म्हणून लोक माझं कौतुक करतात. आणि या मला श्वास कसा घ्यायचा ते शिकवत होत्या.

"मग कसा?" मी विचारलं. आवाज चढलाच असणार, कारण पलीकडचा खांदेवाला गप्प झाला.

त्यांना राग आला नाही. त्या म्हणाल्या, "नाकाने हळू घ्या. सोडताना बेंबी पाठीकडे ओढा. पोट आत, श्वास बाहेर. तुम्ही उलटं करता. जोर लावायची वेळ आली की श्वास रोखता आणि पोट बाहेर ढकलता. सगळा भार तिथेच, जाळीवर येतो."

तेच मग रोज. पोट आत, श्वास बाहेर. टाच गादीवरून सरकवत पाय लांब करायचा, श्वास सोडत परत आणायचा. कंबर गादीला टेकवायची, सोडायची. उठताना सरळ उठायचं नाही. आधी अख्खं अंग ओंडक्यासारखं कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडायचे, मग हातांनी रेटा देऊन बसायचं. खोकला आला तर उशी दाबून धरायची. शिंक आली तर आणखी घट्ट. बादली उचलायची नाही, गॅसचा सिलेंडर सरकवायचा नाही, संडासला जोर करायचा नाही. हे शेवटचं त्यांनी मला बायकोसमोर सांगितलं, आणि त्या दिवसापासून इसबगोलचा ग्लास रोज माझ्या ताटाशेजारी येऊ लागला.

बायको शाळेत शिकवते. घरीही शिकवते. मी व्यायामाला जमिनीवर चटई टाकली की ती भाजी चिरता चिरता नजर ठेवायची. "श्वास रोखलास तू," ती म्हणायची. मी नाही म्हणायचो. "रोखलास. तुझे गाल फुगले."

"गाल माझे तसेच आहेत. ट्रम्पेटवाल्याचे असतात."

"मग मान का लाल झाली रे?"

रागाने मी चटई गुंडाळायला जायचो, आणि वाकलो की ती पुन्हा म्हणायची, "गुडघ्यात वाक. कमरेत नको."

सगळ्यात जास्त मला तिचा राग आला तो पेटीवरून. घरी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी बघितलं तर ट्रम्पेटची पेटी नेहमीच्या जागी नव्हती. तिने ती कपाटाच्या वर, सुटकेसच्या मागे ठेवली होती. हात वर करून वजन उचलायची मला बंदी होती, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"ही काय पद्धत झाली?" मी म्हणालो. "मी काय लहान मूल आहे?"

"लहान मूल ऐकतं," ती म्हणाली आणि वह्या तपासत बसली.

त्या काळात घरी येणारा प्रत्येक माणूस डॉक्टर होता. एक म्हणाला, व्यायाम वगैरे काही करू नको, पडून राहा, जाळी हलते. दुसरा म्हणाला, माझ्या मेव्हण्याने तर तिसऱ्याच दिवशी बाइक चालवली. चर्चमधून बाहेर पडताना एकाने सगळ्यांदेखत विचारलं, "आता वजन उचलता येत नाही, म्हणजे सगळंच बंद का?" बाकीचे हसले. मीही हसलो, आणि हसल्यामुळे टाक्यांच्या जागी कळ आली.

कारखान्यात परत जायला लागलो तेव्हा मालकाने मला खुर्चीवर बसवून ठेवलं. स्टोअरमध्ये काय कुठे आहे ते मी बसल्या बसल्या बोट दाखवून सांगायचो आणि दुसरे उचलून न्यायचे. सगळे चांगलंच वागत होते. त्यानेच मी जास्त चिडायचो. वाईट वागले असते तर निदान भांडता आलं असतं.

माझ्या जागेवर तोवर चुलतभाऊ वाजवत होता. तो माझ्याहून बऱ्याच वर्षांनी लहान, इतकी वर्षं दुसरा ट्रम्पेट वाजवायचा. स्वभावाने चांगला, हात साफ, पण घाई फार. शनिवारी सराव आमच्याच ओटीवर चालायचा. मी आत पलंगावर पडून ऐकायचो. ते कुठे पुढे धावतात, कुठे ड्रम मागे पडतो, हे सगळं मला ऐकू यायचं आणि पडल्या पडल्या माझी बोटं चादरीवर ट्रम्पेटचे पिस्टन दाबत राहायची. एकदा न राहवून मी कुशीवर वळून, पाय खाली सोडून, रेटा देऊन, असा सगळा सोहळा करून उठलो आणि बाहेर गेलो. तोवर त्यांची चाल संपली होती आणि ते चहा पीत होते.

"काय रे, कसं वाटलं?" चुलतभावाने विचारलं.

"धावताय तुम्ही."

"लोक नाचतात ना," तो म्हणाला. "त्यांना आवडतं."

मी आत जाऊन पुन्हा तोच सोहळा उलट्या क्रमाने करत पडलो.

पुतणीचं लग्न जवळ आलं. ही माझ्या सख्ख्या भावाची मुलगी. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या आंघोळीचं पाणी आणायला सगळे वाजत गाजत विहिरीवर जातात. त्या विधीलाच आम्ही पाणी म्हणतो. बायका नटून गाणी म्हणत निघतात, पुढे बँड. पुतणीने लहानपणापासून मला सांगून ठेवलेलं होतं, माझ्या पाण्याला तूच वाजवायचं. मी मॅडमना विचारलं. त्यांनी स्पष्ट नाही म्हटलं नाही, पण त्या म्हणाल्या, "खरं सांगू का काका, ट्रम्पेटवाला पेशंट माझ्याकडे आजवर आला नाही. मी माझ्या सरांना विचारलं, थोडं वाचलं. वजनाचं मी सांगू शकते. याचं मी अंदाजाने सांगणार नाही. अजून थोडं थांबा."

त्यांचं हे बोलणं प्रामाणिक होतं हे आज कळतं. तेव्हा मला वाटलं, या सगळ्यांना काहीच माहीत नाही आणि भोगतोय मी.

पाण्याच्या दिवशी संध्याकाळी मी पांढरा शर्ट घातला, आत पोटाचा पट्टा बांधला आणि नुसता चालायला गेलो. बँड पुढे होता. मी आयुष्यात पहिल्यांदा बायकांच्या मागे, भावांबरोबर चालत होतो. हातांचं काय करायचं कळत नव्हतं. चुलतभावाने सुरुवात केली. वरच्या सुरावर त्याचा आवाज फाटला. मी आजूबाजूला बघितलं. कोणाच्या लक्षातही आलं नाही. सगळे नाचत होते. पुतणी वळून माझ्याकडे बघून हसली, खूश होती ती. मला त्या क्षणी बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

विहिरीच्या पायऱ्या जुन्या आणि गुळगुळीत. बायका घागरी भरत होत्या, पाणी सांडून दगड ओले झाले होते. माझी तीच थोरली आत्या, ऐंशीच्या घरातली, अंगाने भरलेली, हट्टाने खाली उतरली होती. वर येताना तिचा पाय सरकला. मी दोन पायऱ्या वर होतो. ती मागे जाताना दिसली आणि मी झेप घेऊन तिचे दोन्ही दंड पकडले. तिचा सगळा भार माझ्या हातांवर आला. दुसऱ्यांनी येऊन तिला धरेपर्यंत मी तसाच राहिलो. मग जांघेत अशी कळ गेली की डोळ्यांपुढे पांढरं झालं.

तिला काही झालं नव्हतं. ती साडी झटकत होती. बँड वाजतच होता. मी हळूच बाजूला गेलो आणि विहिरीजवळच्या क्रुसाच्या चौथऱ्यावर बसलो. हात पट्ट्यावर होता. फुगवटा आहे का ते बघायची हिंमत होत नव्हती. जाळी फाटली, हे मी मनात पक्कंच करून टाकलं. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा तो पलंग, पुन्हा टाच सरकवणं. बायकोने गर्दीतून माझा चेहरा बघितला आणि सरळ माझ्याकडे आली.

"काय झालं?"

"काही नाही."

"उठून दाखव."

मला उठता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुतणीचं लग्न चर्चमध्ये लागत होतं आणि मी सर्जनच्या टेबलावर पडलो होतो. त्यांनी खोकायला लावलं, दाबून बघितलं, सोनोग्राफी केली. जाळी जागेवर होती. स्नायू ताणला गेला होता. "नशीबवान आहात," ते म्हणाले. "पण आता काही आठवडे पुन्हा जपा."

रिसेप्शनला मी पोहोचलो तोवर केक कापून झाला होता. जो भेटेल तो मला रागावत होता. भाऊ म्हणाला, एवढी माणसं होती, तुलाच काय गरज होती? आत्या एका खुर्चीत बसून जेवत होती. मला जवळ बोलावून म्हणाली, "मला पडू द्यायचं होतंस. माझ्या अंगावर मांस कमी आहे का?" मग माझ्या ताटात स्वतःच्या ताटातली खतखत्याची भाजी वाढली, आणि मी जेवून संपवेपर्यंत मला उठू दिलं नाही.

क्लिनिकमध्ये मॅडमनी सगळं ऐकून विचारलं, "पकडताना श्वास रोखला होता का?"

एवढे दिवस आवरून धरलेलं सगळं तिथे बाहेर आलं. "म्हातारी बाई विहिरीत पडतेय," मी म्हणालो, "आणि मी बेंबी पाठीकडे ओढत बसू? तुमचं हे सगळं इथे गादीवर ठीक आहे. बाहेर कोण आठवत बसतं? किती दिवस झाले, मी माझं एकही काम करत नाही. लोक माझ्यासाठी पिशव्या उचलतात. माझ्या घरात माझी वस्तू माझ्या हाताला लागत नाही. आणि वाजवू की नको, याचं उत्तर तुमच्यापैकी एकाकडेही नाही."

मॅडम स्टूल ओढून बसल्या. "आठवायला लागू नये म्हणूनच रोज करून घेते," त्या म्हणाल्या. "अजून अंगात मुरलं नाही एवढंच. आणि वाजवण्याचं म्हणाल तर पुढच्या वेळी त्याचं ते तोंडात धरायचं घेऊन या. इथेच बघू. माझा हात तुमच्या पोटावर राहील. नाही तर दोघं अंदाजच करत बसू."

"हे आत्ता सांगताय? आधी का नाही सांगितलं?"

"आधी सुचलं नाही," त्या म्हणाल्या.

मी पडलो आणि पुन्हा टाच सरकवायला लागलो. पहिल्या दिवसाचे तेच व्यायाम. खांदेवाल्याचा हात तोवर कानापर्यंत वर जायला लागला होता. त्याने पडद्याआडून "होईल, होईल" म्हटलं. मला त्याचाही राग आला.

ताणलेला स्नायू पूर्ण बरा झाल्यावर मी माउथपीस खिशात घालून नेला. बायकोने तो स्वतः पेटीतून काढून दिला होता, पेटी मात्र पुन्हा वर गेली. मॅडमनी मला आधी खुर्चीवर बसवलं, तळवा बेंबीखाली ठेवला. मी फुंकलं. बदकासारखा आवाज निघाला. पडद्यांआड सगळे हसले.

"पुन्हा, हळू. बघा, ढकललंत. पोट बाहेर आलं."

मी पुन्हा फुंकलं. पुन्हा ढकललं. कितीतरी वेळा. वर्षानुवर्षं मी वरचा सूर पोट फुगवून, मान ताठ करून काढत आलो होतो, आणि लोक त्यालाच दम म्हणायचे. आता तो दम मोडून काढायचा होता. एकदाच, एका छोट्या सुराला, त्यांचा हात हलला नाही. "हा," त्या म्हणाल्या. "हा चालेल. रोज एवढंच. लांबवायचं नाही."

मला वाटलं आता सुटलो. पण खरी पंचाईत पुढे होती. शेवटी बायकोने पेटी खाली काढली आणि मी दार लावून ट्रम्पेट ओठांना लावला, तेव्हा कळलं की ओठच गेले होते. एवढे महिने सगळ्यांचं लक्ष पोटावर, माझंही. तोवर ओठ लिबलिबीत झाले होते. मधले सूर डगमगायचे आणि वरचा सूर तर नुसती हवा. थोड्याच वेळात तोंडाच्या कोपऱ्यातून वारा सुटायचा. मी ट्रम्पेट पलंगावर टाकला. बायको दारात आली.

"दुखतंय का?"

"पोट नाही दुखत."

"मग?"

"येत नाही," मी म्हणालो. "वाजत नाही माझ्याकडून."

तिने सल्ला दिला नाही. थोडा वेळ माझ्या शेजारी बसली, ट्रम्पेट उचलून फडक्याने पुसला आणि परत माझ्या हातात दिला. त्या दिवसापासून पेटी कपाटावर गेली नाही.

मग सकाळी चटईवर पोटाचे व्यायाम आणि संध्याकाळी ओठांचे. कंटाळवाणे लांब सूर, हळू, खालच्या पट्टीत. शेजारणीने खिडकीतून विचारलं, हे गाणं कुठलं? मी म्हटलं, गाणं नाही. काही दिवस मला वाटायचं, सगळं देऊन टाकावं चुलतभावाला. त्यालाही बहुतेक तसंच वाटत होतं, पण तो बोलला नाही. एकदा फक्त म्हणाला, "चर्चच्या सणाला येशील का? दुसऱ्या ट्रम्पेटला माणूस नाही."

पहिल्याला ये, असं तो म्हणाला नाही. मी हो म्हटलं आणि रात्री जेवलो नाही.

सणाच्या दिवशी मिरवणूक चर्चपासून निघून सगळ्या गावठाणातून फिरणार होती. मी चुलतभावाच्या डाव्या हाताला उभा राहिलो. खालच्या सुरांचा भाग वाजवत होतो. तो मला पाठही नव्हता, कागद बघावा लागत होता. पहिली चाल निभावली. दुसऱ्या चालीच्या शेवटी मांड्या थरथरायला लागल्या आणि पट्ट्याखाली घाम आला. दुखत नव्हतं, पण मॅडमनी सांगितलं होतं की थकलात की तुम्ही पुन्हा ढकलायला लागाल, त्याच्या आधी थांबा. एका घरापुढे प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मी रांगेतून बाहेर पडून बसलो. मिरवणूक माझ्यासमोरून गेली. मेणबत्त्या घेतलेल्या बायका, शेवटी फादर. बँड गल्लीच्या वळणावरून दिसेनासा झाला आणि आवाज बारीक झाला.

त्या घरातल्या बाईंनी सरबत आणून दिलं आणि विचारलं, "बरं वाटत नाही का?"

"बरं आहे," मी म्हणालो. "चीड येते नुसती."

त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि ग्लास परत नेला. मी आणखी थोडा बसलो. मग उठलो, ट्रम्पेट काखेत धरला आणि मागच्या बोळातून निघालो. पुढे तळ्याच्या बाजूला मिरवणूक वळून येते हे मला माहीत होतं. ती आली तेव्हा तिसरी चाल अर्ध्यावर होती. चुलतभावाने मला बघून बाजूला सरकून जागा केली. त्याच्या कागदावर वाकून आम्ही कुठे आहोत ते बघितलं, पुढची ओळ सुरू व्हायची वाट बघितली आणि वाजवायला लागलो.